स्वस्तातलं लोड बॅलन्सिंग

वेबसाइटवर येणारं ट्रॅफिक दोन किंवा जास्त सर्व्हरवर वाटून देणं म्हणजे लोड बॅलन्सिंग. त्यासाठी महागडं हार्डवेअर घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. खरं तर ट्रॅफिक वाटणं सोपंच आहे, मेलेला सर्व्हर वेळेत ओळखणं हे खरं काम.

पूर्ण फुकटातला उपाय म्हणजे डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा आयपी, म्हणजे पत्ता, सांगणारी यंत्रणा) राउंड रॉबिन. एका डोमेनला दोन-तीन आयपी लावायचे, डीएनएस त्यांचा क्रम फिरवत राहतो आणि लोक आपोआप विभागले जातात. पण सर्व्हर चालू आहे का बंद हे डीएनएसला कळतच नाही, ब्राउझर बऱ्याचदा दुसरा आयपी ट्राय करतो पण तोवर माणूस ताटकळतो, आणि रेकॉर्ड काढून टाकलं तरी टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) संपेपर्यंत जुना आयपी कॅशमध्ये ठाण मांडून असतो.

म्हणून बहुतेक लोक सर्व्हरांच्या पुढे एक छोटं लिनक्स मशीन ठेवून त्यावर एचएप्रॉक्सी (2001 पासूनचं) नाहीतर एनजिनएक्स (2004 पासूनचं) हे ट्रॅफिक वाटणारं सॉफ्टवेअर टाकतात, दोन्ही ओपन सोर्स. एचएप्रॉक्सीत हेल्थ चेक चालू केला की तो डीफॉल्टने दर 2 सेकंदांनी सर्व्हर तपासतो, लागोपाठ 3 वेळा फेल झाला तर बाजूला काढतो, 2 वेळा पास झाला की परत घेतो. गोम अशी की साधा चेक फक्त पोर्ट (कनेक्शन घेणारं दार) उघडा आहे का एवढंच बघतो, म्हणजे डेटाबेस झोपलाय आणि प्रत्येक पानावर 500 एरर येतेय तरी सर्व्हर पास! त्यामुळे एचटीटीपी चेकच (खरं पान मागून उत्तर बरोबर येतं का बघणारा) लावावा. फुकटच्या एनजिनएक्समध्ये असा वेगळा चेक नाही, खऱ्या युजरची रिक्वेस्ट फेल झाली की मग तो त्या सर्व्हरला 10 सेकंद सुट्टी देतो.

लॉगिनची भानगड वेगळी. सेशन (युजर लॉगिन आहे याची नोंद) एका सर्व्हरवर आणि पुढची रिक्वेस्ट दुसऱ्यावर गेली की युजर लॉगआउट. आयपी हॅशने, म्हणजे युजरच्या आयपीवरून सर्व्हर ठरवून, एक माणूस एकाच सर्व्हरला चिकटतो खरा, पण एका आयपीमागे अख्खं ऑफिस असलं तर सगळा भार तिथंच पडतो, त्यापेक्षा सेशन रेडिसमध्ये (सगळे सर्व्हर वापरू शकतील अशा मेमरीतल्या डेटाबेसमध्ये) ठेवलेलं बरं.

आणि बॅलन्सरच पडला तर? दोन मशीन घेऊन कीपअलाइव्हडी (मशीनना एकमेकांची खबर ठेवायला लावणारं सॉफ्टवेअर) लावायचं, एक गेलं की आयपी दुसऱ्याकडे जातो. क्लाउडवर मात्र ही खबर द्यायला लागणारं मल्टिकास्ट (एकदम अनेक मशीनना संदेश) बऱ्याच ठिकाणी बंद असतं, तिथं युनिकास्ट (थेट एकाच मशीनला संदेश) सेट करावं लागतं आणि आयपी हलवायला प्रोव्हायडरचं एपीआय वापरावं लागतं.