आधी पाणी, मग रंग

गोधडीसाठी तुकड्यांचं गाठोडं सोडलं की हात आधी रंगाकडे जातो. लालशेजारी पिवळा शोभेल का, फुलाफुलांचं कापड मध्ये घ्यावं की कडेला, यातच वेळ जातो. गोधडीचा कस मात्र पहिल्या धुण्यात लागतो. शिवणीपाशी चुण्या पडल्या किंवा पांढऱ्यावर लाल उतरला, की सगळी रंगसंगती फुकट.

नवं सुती कापड धुतल्यावर का आटतं? मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात आणि पुढच्या प्रक्रियांमध्येही कापड ओढलं जातं. सुताचा तंतू म्हणजे सेल्युलोज, लांब साखळीसारख्या रेणूंचा वनस्पतिजन्य पदार्थ. तो पाणी भराभर शोषतो आणि लांबीपेक्षा जाडीत फुगतो. उभा धागा प्रत्येक आडव्या धाग्याच्या वरून-खालून जातो. आडवा धागा फुगला की उभ्याला मोठा वळसा घ्यावा लागतो. धागा तेवढाच, वळसा मोठा, मग कापडाची लांबी कमी होणारच. वाळल्यावर फुगवटा उतरतो, पण मागावरचा ताण काही परत येत नाही. म्हणून बहुतेक कापडं आडवी कमी आणि उभी जास्त आटतात.

पॉलिएस्टरचं गणित वेगळं. 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 65 टक्के आर्द्रता असलेल्या हवेत कापूस वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतो, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. त्यामुळे ते साध्या धुण्यात जवळजवळ आटत नाही. समजा, 15 सेंटिमीटरचा कोरा सुती तुकडा पाच टक्के आटला, तर तो साडेसात मिलिमीटरनं तोकडा होतो. शेजारचा पॉलिएस्टरचा तुकडा आहे तेवढाच राहतो, आणि जास्तीचं कापड शिवणीपाशी गोळा होतं. म्हणून कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कापू नये. जुना सुती शर्ट या बाबतीत उजवा. त्याचं आटणं आधीच उरकलेलं असतं.

कापड सुती की पॉलिएस्टर हे कळत नसेल, तर दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि बशीवर जाळून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आखडत वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. इस्त्रीसाठीही हे माहीत हवं: सुताला चालणारी सुमारे 200 अंशांची इस्त्री पॉलिएस्टरवर फिरवली तर चकाकी येते, कधी चिकटतेही.

जुनं म्हणजे भक्कम, असं मात्र नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटत जातात. वर्षानुवर्षं खिडकीत टांगलेला पडदा दिसायला ठीक असतो आणि जरा ओढला की फाटतो. तुकडा उभा आणि आडवा, दोन्हीकडे झटका देऊन पाहावा. तिरपा ओढून ताकद कळत नाही, कारण तिरपं कापड धागे सरकून लांबतं. त्याच कारणानं तिरप्या कापलेल्या कडा शिवताना वेड्यावाकड्या होतात. विरळ विणीच्या कापडाच्या दशा सुटतात, तेव्हा शिवणीत जास्त माया, म्हणजे कडेला जादा कापड, ठेवा. जीन्सचं जाड कापड पातळ शर्टाशेजारी मी तरी लावत नाही. सगळा ताण पातळ तुकड्यावर येतो.

रंग जाणार का, हे तपासायला ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुकडा ठेवून इस्त्री करावी. 1956 मध्ये बाजारात आलेले रिअॅक्टिव्ह रंग सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात, पण न जोडला गेलेला रंग नीट धुतला नसेल तर तोही उतरतो. गडद लाल आणि निळा, हे दोघे कायम संशयित.

एवढ्या चाळणीतून जे उरेल, त्याची रंगसंगती जमवा. लांबून पाहताना गोधडीचा नमुना उठून दिसतो तो मुख्यतः फिकट-गडद फरकामुळे. बारीक तपशील टिपताना डोळा रंगभेदापेक्षा उजेडातल्या फरकावर जास्त विसंबतो. तुकडे मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेत मिसळून गेले, तर त्यातला एक उचलून दुसरीकडे लावा.