पस्तीस सेकंदांचं गणित

"एवढं मोठं आकाश, त्यात दोन विमानं एकमेकांवर आदळतीलच कशी?" हा प्रश्न मला बरेचदा ऐकू येतो. आकाश मोठं आहे खरं, पण विमानं ठरावीक वाटांनी आणि ठरावीक उंचीवरून जातात. त्यामुळे वाटा एकमेकींना छेदतात. १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर, सुमारे ३५ हजार फुटांवर, रशियन प्रवासी तुपोलेव आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग धडकलं. ७१ जण गेले. त्यांत बरीच शाळकरी मुलं होती.

दोन्ही विमानांत टीकॅस हे टक्कर टाळणारं यंत्र होतं, आणि ते नीट चालत होतं. हे यंत्र आसपासच्या विमानांना रेडिओवरून सतत विचारत असतं. उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं, उत्तरातच उंचीही असते. पण त्याचा खरा हिशेब किलोमीटरचा नसून सेकंदांचा असतो: अंतर भागिले जवळ येण्याचा वेग. प्रत्येकी ताशी ९०० किलोमीटरने समोरासमोर येणारी विमानं सेकंदाला अर्धा किलोमीटर जवळ येतात. म्हणजे साडेसतरा किलोमीटर अंतर उरलं की हातात फक्त ३५ सेकंद. त्या उंचीवर साधारण तेव्हाच हुकूम सुटतो: एकाला 'चढा', दुसऱ्याला 'उतरा'. दोन्ही यंत्रं आपसांत बोलून हे ठरवतात. दोघांनी एकाच क्षणी एकच दिशा निवडली, तर प्रत्येक विमानाला दिलेला २४ बिटांचा पत्ता, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, तपासला जातो आणि ज्याचा पत्ता मोठा, ते आपली दिशा उलटवतं. दोन अनोळखी यंत्रांमधला वाद एका आकड्यावर मिटतो, हे मला विलक्षण सुंदर वाटतं.

त्या रात्री यंत्राने तुपोलेवला 'चढा' सांगितलं, पण काही सेकंद आधीच जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाने 'उतरा' म्हटलं होतं. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. बोइंगने यंत्राचं ऐकलं. दोघंही उतरले.

याला नियती म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जर्मनीचं ते आकाश स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकहून सांभाळलं जात होतं आणि तिथे पडद्यासमोर एकच नियंत्रक होता. कार्ल्सरूहच्या जर्मन केंद्राला धोका दिसला, त्यांनी पुन्हापुन्हा फोन केला, पण झ्युरिकच्या फोन यंत्रणेची दुरुस्ती चालू होती. मुहूर्त चुकला नव्हता. दोन केंद्रांमधला दुवा तुटला होता, आणि यंत्र आणि नियंत्रक यांत कोणाचं ऐकायचं याचा सगळ्यांसाठी एकच निःसंदिग्ध नियम नव्हता. तो पुढे झाला: टीकॅसचा हुकूम आधी.

भारतालाही हा धडा महागात मिळाला होता. १२ नोव्हेंबर १९९६ला चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली, आणि त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं.

युरोपचं आकाश देशांच्या सीमा न पाहता एकत्र सांभाळण्याच्या 'एक युरोपीय आकाश' या योजनेचे पहिले कायदे २००४मध्ये आले. तरी बहुतेक ठिकाणी आकाशाची वाटणी अजून देशांच्या सीमांनुसारच आहे, कारण हवाई दलं आणि सार्वभौमत्व कोणालाच सोडवत नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचं नियंत्रण केंद्र मात्र १९७२ पासून सुरू आहे. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी यांच्यावरचं साडेचोवीस हजार फुटांपलीकडचं आकाश तिथल्या एकाच इमारतीतून सांभाळलं जातं.