नौसैनिकातून नौदल अधिकारी: मराठवाड्यातील उमेदवारांच्या संदर्भात

भारतीय नौदलात नौसैनिक म्हणून भरती झालेल्या जवानाने सेवेत राहूनच कमिशन मिळवणे आणि अधिकारी होणे, असा हा मार्ग आहे. अधिकाऱ्यांचा पहिला हुद्दा सब लेफ्टनंट. त्याच्या खाली नौसैनिकांची स्वतंत्र शिडी असते: सीमन, लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसरचे दोन वर्ग. ही शिडी चढत गेल्याने कोणी आपोआप अधिकारी होत नाही. एका शिडीवरून दुसरीवर जायला वेगळी निवड लागते, आणि मराठवाड्यातल्या अनेक मुलांना हे भरती होऊन तीन-चार वर्षे गेल्यावर कळते. तोवर बराच उशीर झालेला असतो.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. नौदलाची ओळख गावात होते ती सुट्टीवर आलेल्या जवानाकडून किंवा भरती अकादमीच्या फलकावरून. छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून राज्य शासनाची सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. ती दहावीनंतर मुले घेते आणि त्यांना एनडीएसाठी, म्हणजे थेट अधिकारीपदासाठी तयार करते. तिथे मोजक्याच मुलांची निवड होते. राहिलेल्यांपैकी बरेच जण सैनिकी भरतीकडे वळतात, आणि त्यांच्यासाठी सेवेतून वर जाण्याचे दार उघडे असते.

अकरावीतला निर्णय

हा मार्ग भरतीच्या मैदानावर नव्हे, अकरावीच्या प्रवेश अर्जावर सुरू होतो. तरुण नौसैनिकांना अधिकारी करणाऱ्या सीडब्ल्यू योजनेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. बारावीच्या पात्रतेवरच्या अग्निवीर एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) या नौसैनिक भरतीलाही हेच दोन विषय लागतात. लातूर, नांदेड भागात नीटच्या तयारीसाठी जीवशास्त्र ठेवून गणित सोडण्याची पद्धत रुजली आहे. वैद्यकीय प्रवेश हुकला की तोच विद्यार्थी नौदलाची जाहिरात पाहतो. तेव्हा त्याच्यासमोर दहावीच्या पात्रतेवरची एमआर (मॅट्रिक रिक्रूट) भरती किंवा जीवशास्त्र चालणारी वैद्यकीय सहायकाची भरती, एवढेच उरते. नोकरी म्हणून दोन्ही चांगल्या आहेत, पण अधिकारीपदाचा तरुण वयातला दरवाजा मात्र गणिताअभावी बंद राहतो. नीट द्यायची असली तरी चौथा विषय म्हणून गणित ठेवावे, असा सल्ला दहावीच्या निकालाच्या वेळीच द्यायला हवा.

दुसरा गैरसमज पदवीचा. सेवेत असताना मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणारे जवान पुष्कळ आहेत, आणि त्या पदवीचा निवृत्तीनंतर उपयोगही होतो. पण सीडीएस (पदवीधरांसाठीची संयुक्त संरक्षण सेवा) परीक्षेतून नौदल अकादमीत जायला अभियांत्रिकीची पदवी लागते. बी.ए. किंवा बी.कॉम.वर त्या परीक्षेतून भूदलाचा रस्ता मिळतो, नौदलाचा मिळत नाही. पदवीच्या आशेवर सीडब्ल्यूची वर्षे दवडू नयेत.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. तेव्हापासून बहुतेक नौसैनिक आधी चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून येतात, आणि प्रत्येक तुकडीतून जास्तीत जास्त २५ टक्के जण कायम होतात. प्रवेशाचे वय साडेसतरा ते एकवीस. एकविसाव्या वर्षी भरती झालेला कायम होईपर्यंत पंचविशीत पोहोचतो, अठराव्या वर्षी भरती झालेला बाविशीत असतो. ज्याच्या मनात अधिकारीपद आहे, त्याने बारावी होताच पहिल्या संधीला अर्ज करावा. 'आधी एक वर्ष तयारी करू' हे वर्ष पुढे महाग पडते.

दोन वाटा

पहिली वाट कमिशन-वर्दी (Commission Worthy, म्हणजे कमिशनयोग्य) योजनेची. जहाजावर आणि तळावर तिला सगळे सीडब्ल्यू म्हणतात. ही तरुण, बारावी विज्ञान झालेल्या नौसैनिकांसाठी आहे. क्रम असा: विभागीय अधिकाऱ्यामार्फत (जहाजावर वा तळावर आपल्या विभागाचा प्रमुख) अर्ज, कमांडिंग ऑफिसरची शिफारस, लेखी परीक्षा, एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची निवड चाचणी), वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी आणि मग केरळच्या कन्नूर जिल्ह्यातील एळिमला येथील भारतीय नौदल अकादमीत प्रशिक्षण. वयाची आणि सेवेची अट त्या-त्या वेळच्या नौदल आदेशात छापलेली असते. सीनियरने सांगितलेल्या जुन्या आकड्यावर विसंबू नये, आदेशाची प्रत स्वतः वाचावी.

दुसरी वाट स्पेशल ड्यूटीज, म्हणजे एसडी. ही पेटी ऑफिसर आणि त्यावरील अनुभवी नौसैनिकांची. इथे वयाची सवलत जास्त, पण कस लागतो तो कामाच्या ज्ञानाचा: तोफखाना, दळणवळण, इंजिन, वीज, रसद, ज्याची जी शाखा असेल ती. एसडी अधिकारी आपल्याच शाखेत राहतो, आणि वरच्या हुद्द्यांपर्यंत जाण्याची त्याची संधी सीडब्ल्यूतून आलेल्यापेक्षा मर्यादित असते. तरीही जहाजावर एखादी यंत्रणा अडली की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो, कारण ती त्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने उघडलेली असते. या वाटेला दुय्यम मानणे चूक आहे.

सेवेच्या अखेरीस काही मास्टर चीफ पेटी ऑफिसरना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला मानद सब लेफ्टनंट वा मानद लेफ्टनंट केले जाते. तो दीर्घ सेवेचा गौरव आहे. वरच्या दोन वाटांशी त्याची गल्लत करू नये.

एसएसबी

सर्वाधिक उमेदवार इथे गळतात. लेखी परीक्षा अभ्यासाने सुटते, एसएसबीचे तसे नाही. पाच दिवसांची ही चाचणी मन, वाचा आणि कर्म या तिन्हींचा मेळ पाहते: मानसशास्त्रज्ञ लिहिलेले वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोललेले ऐकतो, गट चाचणी अधिकारी मैदानावर केलेले पाहतो. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्रावरून गोष्ट. त्यात नापास झालेले त्याच दिवशी परत जातात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या असतात: बारा चित्रांवर गोष्टी, प्रत्येकीला चार मिनिटे आणि बारावे चित्र कोरे, साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, साठ प्रसंग अर्ध्या तासात, शेवटी स्वतःचे वर्णन पंधरा मिनिटांत.

इंग्रजीचा अडथळा इथे वेळेमुळे मोठा होतो. मराठी माध्यमातला जवान पंधरा सेकंदांत आधी मराठीत विचार करून मग इंग्रजी वाक्य जुळवू लागला, तर पस्तिसाव्या शब्दापर्यंत मागे पडतो आणि पुढचे रकाने कोरे राहतात. उपाय एकच: सहा महिने रोज साठ शब्द घड्याळ लावून लिहिणे. वाक्य साधे असले तरी चालते. मात्र पाठ केलेली वाक्ये चालत नाहीत. सगळ्या शब्दांना धैर्य, देश आणि यश हीच उत्तरे आली की तपासणाऱ्याला लगेच कळते.

नौसैनिकाची खरी अडचण मात्र मैदानावर दिसते. टप्प्याटप्प्याने अवघड होत जाणाऱ्या गटकार्यात फळी, बल्ली (लाकडी दांडा), दोर आणि एक ओझे देऊन लाल रंगाला न शिवता पलीकडे जायचे असते. जहाजावर काम केलेल्या मुलाचा हात दोरावर बसलेला असतो. फळी आणि बल्ली तो इतकी घट्ट बांधतो की ती हलत नाही. पण तो खाली मान घालून बांधतच राहतो, आणि कल्पना मांडायचे काम कॉलेजातून थेट आलेला दुसरा उमेदवार करतो. अधिकाऱ्याच्या वहीत नोंद बोलणाऱ्याची होते. दोन-चार वर्षे 'येस सर' म्हणून हुकूम पाळण्याची सवय जडलेल्याने इथे हुकमाची वाट पाहायची नसते. गाठ मारता मारताच 'तू पुढे जा, ओझे मी देतो' असे तोंडाने म्हणायला हवे. कमांड टास्कमध्ये, म्हणजे प्रमुख होऊन साथीदारांकडून काम करून घ्यायच्या चाचणीत, उलट चूक होते: साथीदार हाताशी असूनही तो सगळे स्वतःच उचलतो.

गटचर्चा आणि तीन मिनिटांचे व्याख्यान यांसाठी मराठवाड्यातले विषय हाताशी असतात: जायकवाडीचे पाणीवाटप, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, सोयाबीनचा भाव. आपल्या जिल्ह्याविषयी आकड्यांसह तीन मिनिटे बोलता आले, तर मुलाखतीतही त्याचा आधार होतो. 'तुमच्या जिल्ह्याची मोठी समस्या कोणती' या प्रश्नाला 'पाणी' एवढेच उत्तर देऊन गप्प बसणे हे तयारी नसल्याचे लक्षण.

शरीर आणि पाणी

भरती अकादम्या १.६ किलोमीटर धावण्याची तयारी उत्तम करून घेतात. पोहण्याकडे त्यांचे लक्ष कमी असते. मराठवाड्यात पोहणे विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकतात. शाळेला सुट्टी लागते तेव्हाच विहिरी तळाला गेलेल्या असतात, म्हणून अनेक मुलांची पाण्याशी पहिली खरी गाठ ओडिशातील आयएनएस चिल्का या प्रशिक्षण तळावर पडते. नौदल अकादमीत कॅडेटला पोहण्याच्या चाचण्या द्याव्याच लागतात. नोकरीच्या ठिकाणी तरणतलाव असतो, त्याचा उपयोग सीडब्ल्यूचा अर्ज भरण्याआधीच करावा. वैद्यकीय तपासणीत सेवेतल्या उमेदवाराला वजन आणि नजर अडवते. भरतीच्या वेळी पास झालो होतो हे कारण तिथे चालत नाही.

कागदपत्रे

जन्मतारीख आणि नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच सगळीकडे हवे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'राव' किंवा 'अप्पा' जोडलेले, आधारवर गाळलेले, सेवा नोंदीत इंग्रजी स्पेलिंग तिसरेच, हे इकडे सर्रास आढळते. जवान समुद्रावर असतो आणि दुरुस्तीसाठी घरच्यांना मंडळाच्या विभागीय कार्यालयात जावे लागते. लातूर, नांदेड आणि धाराशिवसाठी ते लातूरला, उरलेल्या पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला. भरतीनंतरच्या पहिल्याच सुट्टीत हे तपासून घ्यावे. अर्जाची तारीख जवळ आल्यावर जहाज बंदराबाहेर असेल तर फोनही लागत नाही. म्हणून गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती स्वतःच्या पेटीत आणि विभागीय अधिकाऱ्याकडील फाइलमध्ये, दोन्हीकडे ठेवाव्यात.