यादीत नाव नाही, म्हणून पगार नाही?

‘दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही, मग म्हातारपणाचा पगार कुठला?’ लातूर-बीडच्या पारांवर हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चूक आहे. राज्य सरकारच्या श्रावणबाळ या वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेत दोन गट आहेत: यादीतल्यांसाठी ‘अ’, यादीबाहेरच्यांसाठी ‘ब’. ‘ब’साठी वय 65 पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत आणि महाराष्ट्रात 15 वर्षं वास्तव्य लागतं. दोन्ही गटांना महिना 1,500 रुपयेच मिळतात.

खरी अडचण यादीची नव्हे, उत्पन्नाच्या दाखल्याची. 21,000 म्हणजे महिना 1,750. मर्यादा फारच तुटपुंजी. दाखल्यावर आकडा जरा वर गेला की अर्ज बाद, म्हणून तो आधी वाचा, मगच तहसीलला जा. वयाचा पुरावा नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला चालतो. बँक खात्याला आधार जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर पैसेही अडकतात.