मतदारांची नाराजी वरपर्यंत पोचत का नाही? थोडं गणित

जुना, मुरलेला पक्ष निवडणुकीत आपटला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच ऐकू येतं, नेत्यांच्या डोक्यात हवा गेली होती. गर्विष्ठ नेते असतातच, नाही असं नाही, पण दिवसभर लोकांत फिरणारे साधे नेतेसुद्धा तितकेच चुकतात त्याचं काय? माझ्या मते यात स्वभावापेक्षा सॅम्पलचा घोळ मोठा आहे आणि त्यामागचं गणित मला प्रचंड आवडतं.

समजा १०० मतदारांत ६० नाराज आहेत आणि ४० खुश. हे चित्र कार्यकर्ता, जिल्ह्याचा पदाधिकारी, प्रदेशाचा नेता अशा तीन पायऱ्यांतून हायकमांडपर्यंत जातं. कोणीही खोटं बोलत नाही, फक्त नाराजीची बातमी वर सांगायला माणूस जरा कचरतो आणि प्रत्येक पायरीवर अशा निम्म्याच बातम्या पुढे सरकतात. मग ६० चे ३०, ३० चे १५, १५ चे साडेसात. खुशीच्या बातम्या मात्र ४० च्या ४० पोचल्या. म्हणजे हायकमांडला दिसणारी नाराजी साडेसात भागिले साडेसत्तेचाळीस, जेमतेम १६ टक्के! बरं, निम्म्या बातम्या गळणं जास्त वाटत असेल तर फक्त २० टक्के गळती धरा. ०.८ चा घन ०.५१२, म्हणून ६० चे उरतात साधारण ३१, आणि ३१ विरुद्ध ४० म्हणजे बहुमतातली नाराजी वर पोचेपर्यंत अल्पमतात गेली. नाराज आणि खुश यांचं गुणोत्तर दर पायरीला त्याच अपूर्णांकाने गुणलं जातं, त्यामुळे चूक बेरजेने न वाढता घातांकाने वाढते आणि पक्ष जितका जुना, जितक्या पायऱ्या जास्त, तितकं वरचं चित्र गुळगुळीत.

यावर लोक म्हणतात, मग जास्त डेटा गोळा करा. १९३६ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. यादीत टेलिफोन आणि गाडीवाले जास्त होते हे एक, आणि उत्तर पाठवायची तसदी घेणारे लोक बाकीच्यांसारखे नव्हते हे दुसरं. सॅम्पल तिरकं असेल तर ते कितीही मोठं करा, तिरकंच राहतं. म्हणून सोशल मीडियाच्या ट्रेंडवरून हवा सांगणारे डॅशबोर्ड आणि ग्रहांवरून निकाल सांगणारे ज्योतिषी, दोघांवरही पैसे घालवू नयेत.

प्रत्यक्षात असं घडतं का, तर हो. ब्रुकमन आणि स्कोव्ह्रन या संशोधकांनी २०१२ आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राज्य पातळीवरच्या राजकारण्यांना विचारलं, तुमच्या मतदारांचं मत काय असेल? दोन्ही पक्षांच्या लोकांनी मतदारांना होते त्यापेक्षा बरंच जास्त परंपरावादी समजलं, रिपब्लिकनांची चूक जास्त मोठी. एक कारण असं दिसलं की आपणहून संपर्क करणाऱ्यांत त्या विचाराचे लोक जास्त होते.

आणि नाराज माणूस बऱ्याचदा भांडत बसतच नाही, मुकाट्याने सोडून जातो, मग तर तो पहिल्या पायरीवरही मोजला जात नाही. ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा १९५० च्या दशकात २८ लाख सभासद असल्याचा दावा होता, २०२२ मध्ये नेता निवडताना मतदानाचा हक्क असलेले सभासद साधारण १ लाख ७२ हजार होते. उरलेल्यांना विचारून देशाचा अंदाज कसा येणार? त्यापेक्षा मतदारयादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी नावं निवडून हजारेक जणांना विचारलं तर चूक साधारण ३ टक्क्यांच्या आत-बाहेर राहते, अर्थात निवडलेले लोक उत्तर देत असतील तर. शिवाय ज्यांनी सभासदत्व पुन्हा घेतलं नाही त्यांची यादी पक्षाच्या ऑफिसात आधीपासूनच असते, त्यांना फोन करायला सर्व्हे कंपनीसुद्धा लागत नाही.