शनिवारी सकाळीच का यायचं? : गावाकडची कामं शिकण्याच्या आमच्या मुक्कामी शिबिराविषयी

नोंदणीच्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो : "शनिवारी ऑफिस आहे हो, संध्याकाळी थेट तंबूवर आलो तर चालेल ना?" नाही चालणार. नियम म्हणून अडून बसलोय असं वाटू नये, म्हणून कारण नीट सांगतो.

टोपली विणायला आपण रविवारी सकाळी बसतो, पण टोपलीचं खरं काम शनिवारी दुपारी होतं. ओला बांबू कोयत्याने शेंड्याकडून चिरायचा. पेरात, म्हणजे दोन गाठींच्या मधे, चीर सरळ जाते, गाठीवर मात्र एका बाजूला पळते. मग एक पट्टी जाड होते, दुसरी कागदासारखी. अशा वेळी नवखा माणूस कोयता आणखी जोरात दाबतो. ठाकरवाडीतले आमचे काका कोयता तसाच ठेवून हाताने फक्त जाड बाजू वाकवतात, की चीर आपोआप मधोमध येते. वाचायला दोन ओळी लागतात, हाताला कळायला दोन-तीन बांबू जातात. त्यानंतर आतला गर काढून पाती पातळ करायच्या, जुडी बांधायची आणि रात्रभर पाण्यात ठेवायची. सुकी पात वळणावर तुटते.

डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. बॅटरीच्या उजेडात आम्ही कुणाच्याही हातात कोयता देत नाही, आणि देणारही नाही. म्हणजे संध्याकाळी येणाऱ्याकडे रविवारी स्वतःची एकही पात नसते. मागे आम्ही इतरांच्या जुडीतून पाती काढून देऊन पाहिलं. त्यांच्या टोपल्या काठाला कमी पडल्या, आणि उशिरा आलेल्यांची तर बुडाच्या पुढे गेलीच नाही. मग आठवडाभर फोन, "अर्धी टोपली घरी आणलीय, पुढे काय करू?" घरी आणलेल्या पाती तोवर सुकलेल्या असतात. फोनवर त्याला उपाय नाही, आणि पैसे भरून माणूस रिकाम्या हाताने परत जातो हे आम्हालाच बघवत नाही.

म्हणूनच शिबिरं दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ठेवतो. बँकवाल्यांना त्या दिवशी सुट्टीच असते, इतरांनी एक रजा टाकावी. सीएसएमटीहून कर्जत १०० किलोमीटर. लोकलला दोन तासांहून थोडा जास्त वेळ धरून दहाच्या आत स्टेशनवर या, पुढे आमची जीप आहे. रविवारी मेगाब्लॉक असू शकतो, तेव्हा रात्री कुठे वेळेवर पोहोचायचं असेल तर आधीच सांगा.

शनिवारी रात्री पोपटी असते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. पाणी थेंबभरही नाही. तोंड पाल्यानेच बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा, चर्र होऊन पाणी उडालं की झाली. ज्यांना शनिवारी खरंच जमत नाही त्यांच्यासाठी जानेवारीत फक्त पोपटीची एक दिवसाची सहल काढतो. ती घ्या, पण टोपलीची अपेक्षा तिथे ठेवू नका.

"आम्हाला काही येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असंही बरेच जण विचारतात. हे शिबिर देवाणघेवाणीचं आहे, म्हणजे येणाऱ्यानेही आपल्याकडचं काहीतरी दाखवावं, पण ती परीक्षा नाही. मागच्या हिवाळ्यात विलेपार्ल्याच्या एका आजींनी शेकोटीपाशी फुलवाती वळून दाखवल्या, तर वाडीतल्या बायका त्यांच्याभोवतीच बसून राहिल्या. गोधडीचा टाका, पळसाची पत्रावळ, जात्यावरची ओवी, आजीकडून आलेलं काहीही चालेल.

एका वेळी २० जणच घेतो, कारण कोयता धरलेल्या चार-पाच हातांकडेच एक माणूस नीट लक्ष देऊ शकतो. फीमधला मोठा भाग शिकवणाऱ्या काका-मावशींच्या मानधनाचा आहे, त्यामुळे घासाघीस करू नये ही विनंती. पावसाळ्यात शिबिर नसतं. तेव्हा बांबूच्या बेटाला कोंब फुटतात, बांबू तोडत नाहीत.

येताना पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट आणा, बांबूची कुसळं फार बोचतात. आणि सॅकमध्ये टोपली मावत नाही, परतीच्या लोकलमध्ये ती हातातच धरावी लागते. तेव्हा एक हात मोकळा राहील इतकंच सामान घ्या.