जपानी भाषेतील स्त्रीबोली आणि पुरुषबोली

जपानी क्रियापदाला लिंग नसते. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ एवढ्यावरच बोलणारा कोण ते कळते. जपानीत दोघांसाठी ‘इकु’ हे एकच रूप आहे. तरीही कादंबरीतला संवाद बाईचा की पुरुषाचा, हे जपानी वाचक नाव न वाचताही बहुधा ओळखतो. सर्वनाम, वाक्याच्या शेवटी येणारे अव्यय, शब्दांची निवड आणि सूर यांतून ते उमगते. हा व्याकरणाचा नियम नाही, समाजाने घालून दिलेला संकेत आहे. स्त्रियांच्या बोलीला ‘ओन्ना कोतोबा’ किंवा ‘जोसेइगो’ म्हणतात, पुरुषांच्या बोलीला ‘दान्सेइगो’.

‘मी’ या अर्थाचा ‘वाताशी’ हा शब्द औपचारिक प्रसंगी सगळेच वापरतात. घरगुती बोलण्यात ‘अताशी’ बायकांचा, ‘बोकु’ आणि ‘ओरे’ पुरुषांचे. ‘बोकु’चा मूळ अर्थ सेवक, मेइजी काळात (१८६८–१९१२) तो विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळला आणि आजही मवाळ वाटतो. ‘ओरे’ रांगडा आहे, मित्रांत चालतो, साहेबापुढे नाही. वाक्याच्या शेवटी पुरुष जोर देण्यासाठी ‘झो’, ‘झे’ लावतात; स्त्रिया चढत्या सुरात ‘वा’ किंवा ‘काशिरा’ म्हणतात. ‘काशिरा’ मुळात ‘का शिरानु’, म्हणजे ‘कोण जाणे’. ‘पाऊस आहे ना’ हे पुरुष ‘आमे दा यो’ असे म्हणेल, तर स्त्रीबोलीत ठाम विधान करणारा ‘दा’ गळतो आणि ‘आमे यो’ उरते. जेवणे पुरुषी रांगड्या बोलीत ‘मेशी ओ कुउ’, सौम्य बोलीत ‘गोहान ओ ताबेरु’. ओसाकाकडे मात्र ‘वा’ उतरत्या सुरात पुरुषही सर्रास वापरतात.

स्त्रियांची वेगळी शब्दसंपदा जुनीच आहे. मुरोमाची काळात (चौदावे ते सोळावे शतक) राजदरबारातल्या स्त्रियांनी ‘न्योबो कोतोबा’ घडवली. ‘शाकुशी’ (पळी) हा शब्द उघड उच्चारण्याऐवजी त्याचे पहिले अक्षर ठेवून ‘मोजी’, म्हणजे अक्षर, जोडायचे: ‘शामोजी’. भात वाढायच्या पळीला आज सारा जपान हेच म्हणतो. ‘चविष्ट’ या अर्थाचा ‘ओइशी’ हा शब्दही याच बोलीतला.

पण ‘वा’ आणि ‘नो’ लावणारी नाजूक स्त्रीबोली युगानुयुगांची आहे, ही समजूत चुकीची आहे. ती मेइजी काळातल्या मुलींच्या शाळांत पसरली. ‘तेयो’, ‘दावा’ असे शेवट करणाऱ्या विद्यार्थिनींची बोली तेव्हा थिल्लर समजली जाई. कादंबरीकार ओझाकी कोयो यांनी १८८८ मध्ये तिच्यावर टीका केली होती. पुढे मासिके आणि कादंबऱ्यांनी तीच बोली उचलली, आणि थिल्लर म्हणून हिणवलेली भाषा सुसंस्कृत घरच्या मुलीची ओळख ठरली. स्त्रीने कसे बोलावे याचे धडे नंतर याच बोलीच्या आधारे दिले गेले. मानवशास्त्रज्ञ मियाको इनोउए यांनी म्हणूनच या ‘परंपरे’कडे आधुनिक काळाची घडण म्हणून पाहिले आहे, आणि ते पटते. तोक्योच्या पांढरपेशा घरांबाहेर ती फारशी कधी नव्हतीच: ईशान्य जपानमधल्या तोहोकुच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायका स्वतःला ‘ओरे’ किंवा ‘ओरा’ म्हणत आल्या आहेत.

आजच्या तरुणींच्या बोलण्यातून चढत्या सुरातला ‘वा’ आणि ‘काशिरा’ जवळजवळ गेले आहेत. काही मुली ‘बोकु’ म्हणतात. मात्र मांगा, ॲनिमे आणि विशेषतः अनुवादित साहित्यात जुनी स्त्रीबोली ठाण मांडून बसली आहे. इंग्रजी कादंबरीतली नायिका जपानीत अजूनही ‘वा’ लावून बोलताना दिसते, जरी ते पुस्तक वाचणारी मुलगी स्वतः तसे बोलत नसली. जपानीतून मराठीत येताना अडचण उलटी होते. ‘बोकु’ म्हणणाऱ्या मुलीला मराठीत ‘मी आले’ म्हणायला लावले, की तिच्या सर्वनामातला सगळा हट्ट पुसला जातो. ‘मी आलो’ लिहिले, तर मूळ जपानी वाक्यात नसलेला लिंगबदल क्रियापदात घुसतो.